तळघरातलं कोठार

खिडकी नसलेल्या खोलीत काम करणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. बाहेर बघायला काही नसतं, म्हणून एकमेकांकडेच बघत बसायचं! आमची आयटीची खोली नागपुरातल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात आहे आणि शेजारची खोली शवागाराची. लिफ्टमध्ये तळघराचं बटण दाबलं की बाकीचे आपल्याकडे दयेने बघतात. "आम्ही कॉम्प्युटरवाले," असं सांगितलं की सुटकेचा निःश्वास टाकतात. सवय होते.

खोलीत आम्ही तिघं. बन्सोडदादा सगळ्यांत सीनियर, मग मी, मग रूपाली. आमच्यावर प्रशासनाचे वैरागडे सर. नियमांचे पक्के, आणि लिनक्सच्या, नुसते हुकूम टाइप करायच्या काळ्या स्क्रीनला भयंकर घाबरणारे. दादा काही दाखवायला गेले की सर मान फिरवायचे. "मले ते काळं स्क्रीन नको दाखवू गा."

*

आमचे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेले नाहीत. त्यामुळे कोणतंही सॉफ्टवेअर टाकायचं तर दादा खिशात पेनड्राइव्ह घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचे. एकदा त्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि केसपेपरची खिडकी बंद पडली. रांग रस्त्यापर्यंत गेली. एक म्हातारा विचारत होता, "कॉम्प्युटरले ताप आला तं आमचा उतरंल काय?"

त्याच दिवशी सरांचा हुकूम निघाला, पेनड्राइव्ह बंद. मग दादांनी एका सर्व्हरवर पॅकेज रिपॉझिटरी मॅनेजर टाकायचं ठरवलं. रूपालीला त्यांनी ते असं समजावलं, "घरात एकच कोठार. प्रत्येक मशीन लागंल ते सॉफ्टवेअर तिथंच मागंल. बाहेरचं कोणी खायचं नाही."

*

काम निम्मं झालं आणि दादांचे रिपोर्ट आले. पोटाचा कॅन्सर, तोही बराच पसरलेला. आमच्याच हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर भरती झाले. स्टाफ म्हणून खिडकीजवळची खाट मिळाली. म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा नोकरीच्या जागी उजेड दिसला गा."

इकडे सर्व्हर उठेना. चालू केला की दोन मिनिटांत मरायचा. मी आणि रूपालीने सगळं करून पाहिलं. एका दुपारी दार उघडलं तर दादा सलाइनचा स्टँड ढकलत आत आले. खुर्चीत बसले, दोन ओळी टाइप केल्या आणि रूपालीकडे पाहिलं.

"तू याले एकदा रूटनं चालू केलं होतं काय वं?"

रूपालीने होकारार्थी मान हलवली. लिनक्सवर रूट म्हणजे घरचा मालक. त्याने एकदा चालू केलं की सगळ्या फायली त्याच्या नावावर होतात, आणि ज्या साध्या युजरने रोज चालवायचं त्याला त्या फायलींना हात लावता येत नाही.

"घर त्याले देलं, अन् चाव्या आपल्याजवळ ठेवल्या," दादा म्हणाले. फायली त्या युजरच्या नावावर केल्या आणि सर्व्हर उठला.

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर त्यांना शोधत खाली आली. चांगलीच चिडली होती. "बन्सोड, तुम्ही पेशंट आहात की इंजिनिअर?"

"सध्या दोन्ही. पहिले कोन बंद पडते ते पाहून राहिलो."

सिस्टर हसली नाही. आम्हीही नाही.

*

कोठारात दादांनी स्वतः लिहिलेलं एक पॅकेज, म्हणजे छोटं सॉफ्टवेअर, होतं. नवजात बाळाच्या मनगटावर जी पट्टी बांधतात, ती मराठीत छापणारं. आधी पट्टी इंग्रजीत यायची, आईचं नाव अर्ध्यात तुटलेलं. दादांनी ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सर म्हणाले होते, "बाळाले वाचता येते काय गा?"

"त्याच्या मायले येते ना सर."

मौद्याकडच्या खेड्यातून आलेल्या एका बाईने ती पट्टी अक्षर लावत वाचली. सु-नं-दा-चं बाळ. मग पुन्हा वाचली. घरी सोडायच्या वेळी सिस्टर पट्टी कापायला कात्री घेऊन आली तर बाईने बाळाचा हात पदराखाली लपवला. सर तिथेच उभे होते. बघितलं आणि निघून गेले.

पुढे हॉस्पिटलने नवा प्रिंटर घेतला. त्याचं सॉफ्टवेअर त्याच्यासोबत आलं, इंग्रजी. दादांचं पॅकेज मागणारं कोणी उरलं नाही.

*

कोठाराची डिस्क भरायला लागली तेव्हा दादांनी खाटेवरूनच लॅपटॉपवर साफसफाईचा नियम लावला. तीन महिने जे पॅकेज कोणी मागितलं नाही, ते आपोआप डिलीट. सर जाम खूश झाले.

"ज्याले कोनी इचारत नाही, त्यानं जागा काहून अडवावी?" दादा म्हणाले. मग खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत म्हणाले, "तेवढं बाळाचं राहिलं तं बरं होईल गा. बाकी काही नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

*

दादा गेल्याचं आम्हाला स्क्रीनवर कळलं. कोणत्या खाटेवर कोण, याचा तक्ता आमच्या भिंतीवर चालू असतो. दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीजवळच्या खाटेचा रंग बदलला आणि तिथे 'रिकामी' असं आलं. रूपाली पेज रिफ्रेश करत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की आपली सिस्टिम बिघडलेली असू दे. ती व्यवस्थित चालत होती.

थोड्या वेळाने बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली आणि शेजारच्या खोलीपाशी थांबली.

*

त्या एका पॅकेजला नियमातून सूट द्या, म्हणून मी सरांकडे गेलो. ते मान वर न करता म्हणाले, "नियम बन्सोडचाच आहे ना? मंग. एकासाठी नियम बदलत नाही."

मला त्यांचा इतका राग आला की दोन दिवस मी त्यांना नमस्कारही केला नाही.

मी आणि रूपालीने ठरवलं की आपणच अधूनमधून ते पॅकेज मागवायचं. कोणी मागितलं की तीन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. ठरलं, आणि तिला वाटलं मी मागवतोय, मला वाटलं ती मागवतेय. एके दिवशी चहा पिताना तिने सहज विचारलं, "तू करून राहिला ना?" दोघांचेही कप हातातच राहिले. तीन महिने कधीच उलटून गेले होते.

धावत खाली येऊन कोठार उघडलं. पॅकेज जागेवर होतं.

नियम चालू होता. त्याच्या आगेमागची जुनी पॅकेजेस साफ झाली होती. एवढंच कसं राहिलं, ते दोघांनाही कळेना. नियमात कोणी हात घातला असेल तर सरांना सांगायला हवं, म्हणून मी वर गेलो आणि घाईत दार न वाजवताच केबिनमध्ये शिरलो.

वैरागडे सर चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने टाइप करत होते. समोर काळी स्क्रीन. तिच्यावर दादांच्या पॅकेजचं नाव.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं आणि एंटर दाबलं.

"नेटवर्क चालते का नाही ते पाहून राहिलो," ते म्हणाले. "दर सोमवारी पाहतो."