आपली चूक आपल्याच कागदावर

विजया प्रल्हाद टाकळकर, हा लेख तुझ्या हातून व्हायचा होता. श्रीमती सरस्वती वाघमारे यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने लेखकांची यादी केली, तेव्हा त्यात तुझे नाव पहिले होते. पत्र घरी आले तेव्हा तू नव्हतीस. पुढे समितीने मला विचारले आणि मी होकार दिला. मॅडमविषयी तुला काय लिहायचे होते, ते मला थोडेफार ठाऊक आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे की त्यांच्याविषयी प्रामाणिकपणे लिहायचे तर तुला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी तुझ्या हयातीत सांगितली नाही. ती तिच्या जागी येईल.

ग्रंथाच्या वाचकांनी या सुरुवातीबद्दल क्षमा करावी. माझी पत्नी विजया शासकीय रुग्णालयात परिचारिका होती. ती वाघमारे मॅडमची विद्यार्थिनी आणि पुढे त्यांच्या रविवारच्या वर्गातील सहकारी. मी न्यायालयात लिपिक होतो व तेथूनच निवृत्त झालो. वैद्यकीय ज्ञान मला नाही. येथे जे लिहितो आहे, ते पाहिलेले किंवा विजयाकडून ऐकलेले आहे.

मॅडमशी माझा पहिला परिचय याच वर्गात झाला. परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मॅडमनी परभणीतील एका शाळेच्या खोलीत परिचारिकांच्या परीक्षांची तयारी करून घेण्यास आरंभ केला. शेवटच्या वर्षाच्या मुली आणि भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली तेथे येत. जिंतूर, पूर्णा, पाथरी अशा ठिकठिकाणांहून सकाळच्या एसटीने येत. अभ्यासक्रमात 'कायदेशीर जबाबदारी' हे प्रकरण असते. त्यातील शब्द समजावून सांगण्यासाठी विजया मला घेऊन गेली. मी तयारी करून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "निष्काळजीपणा म्हणजे अपेक्षित दक्षतेचा अभाव."

मागच्या बाकावरून मॅडमचा आवाज आला. "थांबा साहेब. दक्षता कुठं ठिवली व्हती, अन् कुठं गेली?"

मुली हसल्या. विजयाही हसली. माझे कान तापले. मग मॅडम स्वतः पुढे आल्या. "कोर्टातलं मराठी पेपरात लिवायला ठीक हाय. पण आधी समजून घ्या. जे करायला पाहिजे व्हतं ते केलं न्हाई, अन् त्यापायी माणसाला इजा झाली. झालं. साहेब, बरोबर हाय का?"

बरोबर होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी त्या शब्दाची इतकी स्वच्छ व्याख्या ऐकली नव्हती.

मॅडम मूळच्या ताडकळसच्या. बोलणे गावचे राहिले, लिहिणे मात्र असे की वाचणाऱ्याने शब्द बदलण्याची सोय नसे. त्यांच्या वर्गाचा एक नियम होता आणि तो त्या पहिल्याच दिवशी सांगत. वर्गात दुसऱ्याची चूक उदाहरण म्हणून सांगायची नाही. सांगायची तर स्वतःची. हा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला होता. नोकरीच्या आरंभी यकृताच्या एका रुग्णाने फार आरडाओरड केली म्हणून त्यांनी डॉक्टरांना न विचारता त्यास झोपेची गोळी दिली. खराब यकृताला ते औषध झेपत नाही. रुग्ण दोन दिवस शुद्धीवर आला नाही. सुदैवाने वाचला. वरिष्ठ परिचारिका म्हणाल्या, "नोंदींचं पान बदल, नवीन लिही." मॅडमनी पान बदलले नाही. 'डॉक्टरांना न विचारता गोळी मी दिली' असे त्या पानावर लिहून खाली सही केली. हा प्रसंग त्या प्रत्येक तुकडीला सांगत, तोही आवाज न चढवता, एखादे औषधाचे प्रमाण सांगावे तसा.

यकृताच्या रुग्णांची शुश्रूषा हा त्यांचा खास विषय होता. वजन रोज सकाळी, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. पोटाचा घेर मोजायचा तर टेप दर वेळी एकाच जागी यावी म्हणून पोटावर पेनाने दोन खुणा. अंगाला खाज सुटते म्हणून नखे कापलेली. हिरड्यांतून रक्त, शौचास काळे, यांवर डोळा. दारूमुळे आजारी झालेल्या माणसाशीही 'अहो' करूनच बोलायचे. पोखर्णीच्या एका रुग्णाला कोणी कुत्सितपणे "काय, किती क्वार्टर?" असे विचारले, तेव्हा मॅडम त्या विचारणाऱ्याला म्हणाल्या, "तुमचं लिव्हर तपासलंय का कधी? मग गप बसा."

परंतु ज्या पद्धतीपुढे मी नतमस्तक झालो, ती उखाण्याची. यकृत काम करीनासे झाले की रक्तातील विष मेंदूपर्यंत जाते. माणूस आधी सुस्त होतो, मग गोंधळतो, मग शुद्ध हरपते. पुस्तकात लिहिले आहे की रुग्णास वार, स्थळ, काळ विचारावा. मॅडम म्हणत, आपल्या बाया वार तसाही विसरतात, शेतात कुठला वार? त्या बाईला नाव घ्यायला लावत. लग्नापासून पाठ असलेला उखाणा मध्येच अडला, तर तडक डॉक्टरांना कळवायचे. विजयाने सांगितलेला प्रसंग आहे. चारठाण्याच्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, या वयात नाव घ्यायला लावतीस व्हय? म्हातारा वर बसून हसंल की!"

"हसू द्या," मॅडम म्हणाल्या. "तुमी घ्या. पुरं घ्या."

आजींनी पुरे घेतले. मॅडमनी कागदावर लिहिले: 'रुग्ण पूर्ण शुद्धीवर. विनोद करतात.'

पुढे विजयालाच यकृताचा आजार जडला. तिने आयुष्यात दारूचा थेंब पाहिला नाही, हे मी अनेकांना न विचारता सांगत असे. मॅडमनी मला एकदा बाजूला घेऊन म्हटले, "साहेब, कशाला सांगायलाव? आजाराला चारित्र्याचा दाखला लागत न्हाई." तेव्हापासून मी ते सांगणे थांबवले.

विजयाला एका खासगी रुग्णालयात ठेवले होते. तेथे रेणुका नावाची परिचारिका होती, मॅडमच्याच वर्गातून शिकून गेलेली. विजयाला एक गोड, पातळ औषध दिवसातून तीनदा असे. ते घेतले की शौचास पातळ होई. त्या दिवशी पहाटेपासून ती पाच वेळा उठली. भिंत धरून चालत होती. रेणुकाने औषधाचा कप माझ्या हाती दिला. "काका, पाजा हं. मी शेजारच्या बेडवर सलाईन बघून येते." तिने तक्त्यावर बरोबरची खूण केली व ती गेली. मी तो कप बेसिनमध्ये ओतला. दुपारचा कपही तिने तसाच माझ्या हाती दिला, तोही ओतला. संध्याकाळचा, दुसऱ्या दिवसाचे तीनही.

विजयाचे उठणे थांबले. ती झोपू लागली. किती दिवसांनी तिला झोप लागली, म्हणून भेटायला येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवीत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या. त्यांनी तिला हलवून उठवले, याचा मला राग आला. म्हणाल्या, "विजया, नाव घे बरं."

विजयाचा उखाणा आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होता. 'परभणीच्या बाजारात पेरू आले गोड, प्रल्हादरावांच्या अक्षराला नाही कुठे तोड.' हळदीकुंकवाला तो तिला आग्रहाने घ्यायला लावत.

"परभणीच्या बाजारात पेरू आले..." ती म्हणाली. "पेरू आले..." मग माझ्याकडे पाहून हसली व डोळे मिटले.

मी म्हणालो, "मी समोर उभा आहे ना, म्हणून लाजते आहे."

मॅडम हसल्या नाहीत. "शौचाला किती येळा झालं?"

"आता आराम आहे. कालपासून एकदाही नाही," मी अभिमानाने सांगितले.

त्या डॉक्टरांना बोलवायला स्वतः धावल्या. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई जिन्यावरून धावताना मी पाहिली. डॉक्टर आले, एनिमा दिला, नाकातून नळी घातली. ते गोड औषध आतड्यातील विष बाहेर काढण्यासाठीच असते आणि शौचास दोन-तीनदा होणे हेच त्याचे काम, हे मला तेव्हा कळले. पाच वेळा झाले तर सिस्टरांना सांगायचे, डॉक्टर प्रमाण कमी करतात. आपण बंद करायचे नसते. तक्त्यावर सर्व खुणा होत्या. डॉक्टरांनी विचारले, "औषध कोणी पाजलं?"

मी म्हणालो, "ते सिस्टरांचे काम आहे."

रेणुका म्हणाली, "सर, मी काकांच्या हातात दिलं होतं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "मला आठवत नाही." न्यायालयात हे वाक्य मी असंख्य जबाबांत उतरवले होते.

रेणुकाला कामावरून थांबवून रुग्णालयाने लेखी खुलासा मागितला. औषध न देता खोट्या खुणा केल्या, असा आरोप होता. सरकारी भरतीच्या यादीत तिचे नाव नुकतेच लागले होते. असा शेरा घेऊन ती नोकरी तिला मिळणे कठीण होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या शेजारी बाकावर येऊन बसल्या.

"साहेब, बेसिनला मुंग्या लागल्यात."

मी मान वळवून खोलीच्या दाराकडे पाहिले.

"गोड औषध हाय ते. साक्षीला मुंग्या बोलवाव्यात का?"

मी म्हणालो, "तिला फार त्रास होत होता, मॅडम."

"माया व्हती म्हणून वतलं. कळलं मला. रेणुकेनं पाजताना पाहिलं न्हाई अन् खूण केली, ती चूक तिची. ती मी तिच्याकडून कालच लिहून घेतली. आता तुमची राहिली. तुमची चूक तिच्या कागदावर कशाला ठिवता?"

त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून दिला. इतरांचे जबाब मी आयुष्यभर लिहिले. स्वतःचा हा पहिला. पाच ओळींचा झाला. रेणुकाने तो वाचून विचारले, "मॅडम, म्हंजे आता मी सुटले?"

"सुटली? काकांनी त्यांचं लिवलं. तुझं तसंच हाय."

रेणुकाला लेखी समज मिळाली. ती कामावर परतली आणि पुढे सरकारी सेवेत रुजू झाली.

विजया शुद्धीवर आली. पहिले वाक्य, "थर्मास धुतला का?" दुसरे, "मला काय झालं होतं?" मॅडम तेथेच होत्या. मी म्हणालो, "लिव्हरचेच." मॅडमनी तिला हात पुढे करायला सांगितले, बोटे थरथरतात का ते पाहिले, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "तिला कवा सांगायचं ते तुमचं तुमी ठरवा. मी सांगणार न्हाई."

विजया, हीच ती गोष्ट. त्यानंतर तू आठ महिने होतीस. प्रत्येक कप मी माझ्या हाताने तुला पाजला, आणि हे सांगितले नाही. तू ज्यांना गुरू मानलेस, त्यांनीही तुला सांगितले नाही. माझी लाज राखण्यासाठी त्यांनी तुझ्यासमोर मौन पाळले. ते त्यांना किती जड गेले असेल, हे मी आज समजू शकतो.

त्या आठ महिन्यांतही मी अधूनमधून वर्गात जात असे. एका मुलीने विचारले, "मॅडम, नातेवाइकाकडं औषध दिलं अन् त्यानं पाजलंच न्हाई, तर?" मी समोरच बसलो होतो. इतके नेमके उदाहरण हाताशी असताना मॅडम एवढेच म्हणाल्या, "जबाबदारी तुझी. रुग्णानं गिळलेलं पाहायचं, मग खूण करायची. पुढचा प्रश्न." माझ्या दिशेला त्यांची मानही वळली नाही. संयम हा शब्द मी पुष्कळदा लिहिला आहे. तो पाहिला त्या दिवशी.

विजया गेल्यानंतर तिचा तास मॅडमनी माझ्याकडे सोपवला. गेल्या रविवारी 'कायदेशीर जबाबदारी' आणि 'यकृताच्या रुग्णाची शुश्रूषा' ही दोन्ही प्रकरणे एकत्र घ्यायची होती. मी वर्गाचा नियम पाळला. कप कोणी ओतला, 'मला आठवत नाही' असे कोण म्हणाले, ते नावासह सांगितले. मग एका मुलीने हळूच विचारले, "सर, काकूंना कळलं का?"

"नाही," मी म्हणालो.

मागच्या बाकावर मॅडम बसल्या होत्या. त्या काठी टेकून उभ्या राहिल्या. "पोरींनो, लिवून घ्या. औषध कशासाठी हाय, किती येळा व्हायला पाहिजे, हे नातेवाइकाला समजावून सांगणं परिचारिकेचं काम हाय. नवरा माझ्याच वर्गात येऊन शिकवायचा. मी समजून चालले की याला ठाऊक असंल. सांगितलं न्हाई. ही माझी चूक. लिवलं का?"

माझ्या अपराधात त्यांनी आपला वाटा असा भर वर्गात मांडला. तो माझा भार हलका करण्यासाठी नव्हता. तो खरा होता, म्हणून त्यांनी मांडला.

श्रीमती सरस्वती वाघमारे यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, गुडघ्यांनी त्यांना जिना चढू द्यावा, झोप शांत लागावी आणि त्यांनी शंभरी गाठेपर्यंत अनेक तुकड्यांना असेच मध्येच थांबवून प्रश्न विचारावेत, अशी विजयाच्या व माझ्या वतीने प्रार्थना करतो.

त्या रविवारी वर्ग साडेअकरा वाजता संपला. मॅडमना रिक्षात बसवून दिले. फळा पुसला, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातले आणि किल्ल्या शाळेच्या शिपायांकडे परत केल्या.