घाटातला ओंडका

आमच्या घरात पणजोबांची एकच गोष्ट सांगतात. बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्याहून मालाच्या बैलगाड्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर जायच्या आणि त्यांत पणजोबांची गाडी नेहमी पहिली पोचायची. गाडीला एक शिंग मोडलेला पांढरा बैल. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाहुण्यांना हे सांगताना ताठ बसतात.

कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पासाठी बंदरावरच्या जुन्या माणसांच्या आठवणी घ्यायचं ठरवलं, तेही या गोष्टीमुळेच.

वेंगुर्ल्यात एका म्हाताऱ्या आजोबांनी ओट्यावर बसवून मला सोलकढी दिली. घाट उतरताना गाडी पळू नये म्हणून गाडीवान मागे जड ओंडका बांधत, त्याचा दोर सपाटीला आल्यावरच सोडायचा, असा रिवाज होता, असं त्यांनी सांगितलं. पण बेळगावकडचा एकजण पहिलं पोचायच्या घाईत शेवटच्या उतारावरच दोर कापायचा. एकदा बैलांना गाडी आवरली नाही. घाटाखाली गाडीवानांना पेज विकायला बसलेल्या या आजोबांच्या आजीच्या पायावरून चाक गेलं. गाडीवान थांबलासुद्धा नाही.

"तेचो बैल पांढरो होतो, एका शिंगाचो," ते म्हणाले. "आजयेन मरेपर्यंत लक्षात ठेवलेलो." मग सहज विचारलं, "तू खंयच्या गावची गो?"

मी सांबरा न म्हणता शहापूर म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

घरी आल्यावर आप्पांनी आठवणींची वही वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. ते पान गाळलं असतं तरी कळलं नसतं. पण मी बैलासकट सगळं वाचलं. आप्पा बराच वेळ तळहातावर तंबाखू मळत राहिले, तोंडात टाकलीच नाही.

"त्येंनी गाव इचारलं असंल की."

"शहापूर सांगितलं."

"माझ्यासाठी व्हय गं?"

मी वही मिटली.

"फोन करून खरं सांग त्येंना," ते म्हणाले. "मग लिव्ह. न्हायतर लिवूच नको."

वही सोमवारी द्यायची आहे. आजोबांच्या सुनेचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत कापला.

काल आलेल्या पाहुण्यांनी पणजोबांच्या गाडीचा विषय काढला. आप्पा नुसतं "लई जुनी गोष्ट" म्हणाले आणि चहा झाला का बघायला उठून आत आले. चहा बघायला ते कधीच आत येत नाहीत.