ही पोरगी नेमकी कुणाची?

आमच्या सुरतच्या घरी चार नातेवाईक जमले, की चहा उकळायच्या आत माहीचे किस्से सुरू होतात. एक संपतो न संपतो तोच दुसरा म्हणतो, "हा तर काहीच नाही, तो मिलमधला सांग!" किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. पोरीला घेऊन नवागामच्या नाक्यापर्यंत गेलं, तरी एखादा सोबत घरी येतो.

झालंय असं, की मी काळा. बायको सुनंदा माझ्याहून थोडी जास्तच काळी, पण हे तिच्यासमोर बोलायची सोय नाही. मोठा सागर आम्हा दोघांवर गेलेला. आणि धाकटी माही गोरीपान, डोळे घारे, केस भुरे! माझ्या सासऱ्यांचं रूप सुनंदाला चुकवून थेट नातीकडे आलं. आता हा खुलासा रस्त्यावर कुणाकुणाला करत बसायचा?

*

सुरुवात दवाखान्यातच झाली. नर्स बाळ घेऊन बाहेर आली. बाकावर मी, आणि माझ्या शेजारी एक गोरेगोमटे गुजराती भाई. नर्सने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा आम्हा दोघांकडे पाहिलं आणि बाळ सरळ त्या भाईंच्या हातात दिलं. "लो भाई, लक्ष्मी आवी!"

भाईंना घाम फुटला. म्हणाले, "अरे बेन, मारी वाइफ तो पथरीना ऑपरेशन माटे आवी छे!"

*

मी पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात आहे. आमच्याकडे लॉट रंगून निघाला, की पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने, दिलेल्या नमुन्याशी शेड जुळवून बघतात. नाही जुळली तर माल परत.

बारशाचे पेढे घेऊन कामावर गेलो आणि माहीचा फोटो दाखवला. आमच्या मास्टरांनी मला हाताला धरून खिडकीच्या उजेडात नेलं. फोटो माझ्या गालाशेजारी धरला, चष्मा वरखाली केला, मान हलवली. "शेड मॅच नहीं हो रहा. पार्टी माल रिजेक्ट करेगी!"

मी म्हटलं, "मास्टर, इस माल की पार्टी मैं ही हूं. पास!"

*

सुनंदाचा राग वेगळा. ती माहीला बागेत घेऊन गेली, की बायका तिला आयाच समजतात. एकदा एक बाई चांगली मिनिटभर बघत राहिली आणि मग जवळ येऊन कुजबुजली, "बच्ची को अच्छा संभालती हो. छुट्टी कब मिलती है तुमको?"

सुनंदा म्हणाली, "बहन, शादी हुई तब से मैं भी यही पूछ रही हूं!"

*

माझी आई या बाबतीत सगळ्यांची उस्ताद. ती आमच्या घरातली सर्वांत काळी. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एका खान्देशी बाईने खोचकपणे विचारलं, "मावशी, हाई पोर कोनावर गई व?"

आईने हातातली भाजी खाली ठेवली नाही की डोळ्याची पापणी हलवली नाही. "मनावर गई! मी बी न्हानपने अशीच गोरी व्हतू. सुरतना उनमा काळी पडनू!"



*

शाळेत सागर माहीला न्यायला गेला. नव्या टीचर म्हणाल्या, "तू भाई? सगा भाई?" त्या काही पोरीला सोडेनात. तेवढ्यात सागरने माहीची वेणी ओढली. माहीने त्याचं मनगट कडकडून चावलं. दोघांची तिथेच जुंपली.

टीचर म्हणाल्या, "ले जाओ, ले जाओ. सगे ही हैं!"

*

पण एकदा मात्र हसू सुचलं नाही.

कानबाईचा सण होता. आम्हा खान्देशी लोकांत कानबाईचे रोट हा घरचा प्रसाद. भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. माझा धाकटा भाऊ इच्छापोरला कंपनीत आहे, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून त्याच्या वाट्याचे रोट डब्यात घालून मी आणि माही बसने निघालो. डबा माहीच्या मांडीवर, तिने तो दुसऱ्या कुणाला धरूच दिला नाही.

त्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. बस बदलायला उतरलो, तर माहीने फुगा हवा म्हणून भोकाड पसरलं. मी तिला ओढत नेत होतो. एकाने विचारलं, "आ छोकरी कोनी छे?" म्हटलं, "मारी." तो हसला, पण ते हसणं काही बरं नव्हतं. बघता बघता माणसं जमली. फोनमधला माहीच्या आधार कार्डाचा फोटो दाखवला, तर म्हणे, "ऐसा तो कोई भी बना लेता है." कुणीतरी कॉलर धरली. माहीला विचारलं, "ये कौन है तेरा?" ती इतकी घाबरली, की तोंडातून शब्द फुटेना. खरं सांगतो, मार बसेल याची भीती होतीच, पण पोरीला माझ्या हातातून काढून घेतील, ही भीती जास्त होती.

तेवढ्यात एक हवालदार गर्दीत घुसला. त्याने कॉलर सोडवली नाही, आधी माहीसमोर उकिडवा बसला. तिने छातीशी धरलेल्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "इसमें क्या है बेटा? एक मुझे दे."

माहीने डब्यावर दोन्ही हात दाबले. रडणं थांबलं. "नहीं! कानबाई के रोट हैं. सिर्फ हमारे घरवाले खाते हैं."

"अच्छा? फिर इसको दे," हवालदार माझ्याकडे बघत म्हणाला.

"पप्पा को भी नहीं!" माही ओरडली. "पप्पा ने अपने घर पे खा लिए. ये काका के हैं!"

हवालदार उठला, माझ्या कॉलरवरचा हात त्याने बाजूला केला आणि गर्दीला म्हणाला, "चलो, रास्ता दो भाई. काका भूखा बैठा है!"