मातीच्या भिंतीला सिमेंट

चामटोलीहून मी निघालो तेव्हा आई टेम्पोमागे पार वेशीपर्यंत रडत आली. जायचं होतं कुठं, तर अंबरनाथला! सकाळी निघालेला माणूस न्याहारीला पोचेल. पण आई म्हणाली, "आता तू पाहुणाच झालास." मला हसू आलं. नव्वदच्या जरा आधीची गोष्ट. आनंदनगरच्या एका कंपनीत चिकटलो होतो, चाळीत खोली मिळाली होती. मी हवेतच होतो.

गाव सोडलेल्या आणि न सोडलेल्या माझ्या माणसांनो, माझा एक गाढवपणा सांगतो. खोलीच्या गुळगुळीत भिंती बघून मला आजोबांनी बांधलेल्या आमच्या मातीच्या घराची दया यायला लागली. म्हटलं, आपण ते जपायचं! सुट्टी टाकली, सिमेंटच्या गोणी नेल्या आणि सगळ्या भिंतींना बाहेरून झकास प्लास्टर मारलं. बाबा ओट्यावर बसून बघत होते. पोराची हौस ना!

पावसाळा संपता संपता ते प्लास्टर आतल्या मातीसकट ढासळलं. बाबा एवढंच म्हणाले, "मातीच्या अंगावर रेनकोट घातलास रे. आतली ओल जाणार कुठून?" दिवाळीत आम्ही दोघांनी उरलंसुरलं सिमेंट खरवडून काढलं. मग लाल माती, शेण आणि भाताचा तूस पायांनी तुडवला, मुरवला, हातांनी थापला. कंपनीत हातमोजे घालणारा मी कोपरापर्यंत माखलो. "घर एकदा नीट करून मोकळं होता येत नाही," बाबा म्हणाले. "दर साली हात लावावा लागतो."

बाबा गेल्यावर माझ्या धाकट्या भावाला, पांडूला, घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "राहतो मी इथं, दादा. तू येतोस, बघतोस नि जातोस." झोंबलं, कारण खरं होतं. शेवटी त्याने अट घातली. दर वैशाखात मी येऊन भिंती लिंपायच्या. ज्या वर्षी चुकलो, त्या वर्षी घर पाडायचं. आणि पांडू म्हणजे बोलला की करणारा गडी.

सहा वर्षं चुकलो नाही. सातव्या वर्षी ऐन वैशाखात कंपनीत मशिनरीचं मोठं काम निघालं, रजा नाकारली. बायको म्हणाली, "अहो, भावजींना कळवा तरी." कोणत्या तोंडाने कळवू? ज्येष्ठ निम्मा सरल्यावर रजा मिळाली, तेव्हा तडक गेलो. वाटेत मनात नुसता मातीचा ढीग दिसत होता.

घर उभं होतं. दर्शनी भिंती ताज्या लिंपलेल्या, अजून ओल्या. पांडू ओट्यावर बसला होता, अंगभर माती. मला रडूच आलं. त्याने वर बघितलंही नाही.

"मागची भिंत ठेवलीय तुझ्यासाठी," म्हणाला. "आधी जेव."

अंबरनाथला माझी खोली आहे, संसार आहे. पण माझ्या वाटची भिंत राखून ठेवणारा माणूस चामटोलीत आहे, म्हणून घर तिथं.