जास्वंदीला मासोळीचं पाणी

देवासाठी फुलं चोरली तर पाप लागत नाही म्हणे. असं म्हणणाऱ्या बाईच्या शेजारी मी लहानाची मोठी झाले.

नागपूरला आमचं सरकारी क्वार्टर होतं. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आमच्या घराने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, आणि हे रांगेतल्या सगळ्यांना आमच्या आडनावावरूनच कळलं होतं. शेजारी वडिलांच्याच कचेरीतले हेडक्लार्क राहत. त्यांच्या बायकोला आई ‘वहिनी’ म्हणायची. मी मनात वेगळंच काही म्हणायचे.

कुंपणाला लागून आईची लाल जास्वंद होती. आमची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजवते, म्हणून आईने खड्ड्यात मुरूम आणि शेणखत घातलं होतं. थंडी सरली की ती फांद्या निम्म्याने छाटायची. मे महिन्यात दुपारी झाडावर ओलं पोतं टाकायची. पांढरी कीड पडली तर साबणाच्या पाण्याने एकेक पान पुसायची. आणि दर रविवारी मासोळी धुतलेलं पाणी बुंध्याशी. झाड नुसतं लालेलाल व्हायचं.

ती फुलं पहाटे कुंपणावरून हात घालून वहिनी न्यायच्या. गणपतीला. आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बाईच्या देवाला आमची फुलं बरी चालायची! मी चिडले की आई म्हणायची, “काहून जळून राहिली वं? फुलच तं आहे. संध्याकाळी मिटूनच जाते.”

आईची एकच हौस होती. रांगेतल्या एका तरी बाईने आमच्या ओट्यावर बसून चहा प्यावा. त्यासाठी तिने निळ्या काठाचे दोन कप वेगळे ठेवले होते. आम्हाला त्यांना हात लावायची बंदी. वहिनी कुंपणाशी दिसल्या की आई हाक मारायची, “या ना वहिनी, चाय घ्या.” वहिनींचा चहा मात्र नेहमी आत्ताच झालेला असायचा. सकाळी झालेला, दुपारी झालेला, संध्याकाळीही झालेला. एवढा चहा पोटात गेला असता तर ती बाई जिवंत राहिली नसती. मला वहिनींचा राग यायचाच, पण ते कप पुसून ठेवणाऱ्या आईचा जास्त यायचा.

एकदा वहिनींनी न विचारता आमची फांदी तोडून आपल्या अंगणात लावली. झाड तरारलं. त्याला त्या रोज पूजेचं तीर्थ घालायच्या, वर पंचामृत. साखरेला मुंग्या आल्या, मुंग्यांमागून कीड आली, कळ्या पटापट गळाल्या. दोन वर्षं फूल नाही. शेवटी त्यांनी कुंपणावरून विचारलं, “तुम्ही काय घालता हो झाडाला?”

आईला खोटं बोलता येत नसे. “मासोळी धुतलेलं पाणी.”

वहिनींनी नाकाला पदर लावला. मला वाटलं, सुटलो, आता फुलं जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं नेहमीसारखीच गेली. नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं नाक सोयीने बंद होतं, ते मी तेव्हा शिकले.

पुढे गणपतीच्या आदल्या रविवारी वहिनी चक्क आमच्या मागच्या दाराशी आल्या. हातात रिकामी बादली. हळूच म्हणाल्या, “ते पाणी द्याल का जरा? आमच्याकडे बोलू नका मात्र.”

आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “देते ना वहिनी! बसा, पहिले चाय घ्या.” तिने खुर्ची आणली, निळ्या काठाचा कप काढला, आलं ठेचून चहा केला. वहिनींनी कप हातात घेतला. मागच्या गल्लीकडे पाहिलं. चहावर साय धरली. मग कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, “आत्ताच झाला हो,” आणि बादली पुढे केली.

आईने बादलीकडे पाहिलं, मग कपाकडे.

“मासोळीचं पाणी चालते तुमाले, अन् चाय नाही चालत?”

“ते झाडासाठी आहे हो.”

“मंग हे बी झाडाले,” आई म्हणाली, आणि तो चहा तिने जास्वंदीच्या बुंध्याशी ओतला. वहिनी रिकामी बादली घेऊन गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण आई पदराने तो कप किती तरी वेळ पुसत राहिली, आणि मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर आई जास्वंदीजवळ पाटावर बसलेली. हातात निळ्या काठाचा कप, स्वतःसाठी भरलेला. दुसरा तिने मला दिला. कुंपणावरून ओळखीचा हात आत आला, फुलापर्यंत पोचला.

“या वहिनी,” आई जागची न हलता म्हणाली, “चाय घ्या.”

हात आला तसा मागे गेला.