शिवीचं मूळ

घाटात विजेची इंजिनं यायच्या आधीची ही गोष्ट. वडील लोणावळ्याच्या शेडमध्ये कारकून होते आणि मी नन्सच्या इंग्रजी शाळेत जात असे. शेजारच्या खोलीत इंजिनात कोळसा टाकणारे एक फायरमन राहत. त्यांना मी काका म्हणे.

'ब्लडी' हा शब्द शेडमध्ये गोऱ्या फोरमनकडून आला आणि सगळ्यांच्या तोंडी बसला. चढावर अडून बसणाऱ्या एका इंजिनाचं नावच माणसांनी ते ठेवलं होतं. "आज बलडी लय रुसलीया," काका म्हणत, आणि सगळे हसत.

एके दुपारी काकांचे वडील लोहगडाखालच्या वाडीतून लेकासाठी भाकरी घेऊन आले आणि दमून रुळाशेजारी टेकले. फोरमनने त्याच शब्दाने त्यांना उठवलं. काकांनी त्याची गचांडी धरली.

काकांवर चौकशी लागली. शिवी दिल्याचं शाबीत झालं तर दंडावर भागेल, नाहीतर नोकरी जाईल, असं माझ्या वडिलांनी सांगितलं. फोरमन म्हणत होता, ती शिवी नव्हेच, ती बोलण्याची सवय.

काका आणि शेडमधले दोघे आमच्याकडे आले.

"पोरी," काका म्हणाले, "तुझ्या साळंत लय मोटं बुक आसंल. ह्या सबदाचं मूळ काडून दे. आमचं कोन ऐकतंय? छापल्यालं दावलं की सायेब गप."

मला पुस्तकाची गरज नव्हती. शाळेतल्या एका मुलीचा गोरा बाप तो शब्द पखालवाल्याला वापरी, माळ्याला वापरी. पाद्र्याला किंवा डॉक्टरला त्याने तो कधी वापरला नाही. एवढंच लिहून दिलं असतं तर पुरलं असतं. पण वडिलांसमोर, तीन पुरुषांसमोर तो शब्द उच्चारून त्यावर बोलायचं, हे माझ्याने होईना. कोशात बघते म्हणून मी नुसती मान हलवली.

शाळेच्या कोशात लिहिलं होतं की मूळ निश्चित नाही. कोणी रक्ताशी जोडतात, कोणी म्हणतात की येशूच्या आईची शपथ झिजून हा शब्द झाला. दोन्हींना पुरावा नाही. मी ते जसंच्या तसं उतरवून आणलं.

"म्हंजी सायबानं आपल्याच देवीला बाटवलं की!" एकजण मांडीवर थाप मारून म्हणाला. "आता सापडला!"

कागद काकांच्या अर्जाला जोडला गेला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

चौकशीच्या साहेबाने तो मोठ्याने वाचला. तुमचाच कागद म्हणतो की या शब्दाचा अर्थ कोणालाच ठाऊक नाही, तो म्हणाला. आणि शपथ असलीच तर ती माझ्या धर्माची, तुमच्या बापाला त्यात काय लागलं? फोरमन हसला. हे सगळं मला वडिलांकडून कळलं.

काकांना काढून टाकलं. आठ दिवसांत खोली सोडायची होती. सामान न्यायला त्यांचे वडील बैलगाडी घेऊन आले. काकू भांडी बांधत होत्या, मी दारात उभी होते.

"ह्या पोरीनं लय मेहनत घेतली," म्हातारबाबा काकूंना म्हणाले. "बुकातच न्हवतं, त्याला ती काय करनार?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो ठेवू दिला.