विलायती गालिचा

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. म्हणून तर मी ज्यांच्या कचेरीत कारकून होतो त्या वकीलसाहेबांनी वडिलांना स्टेशनवरून आणायला आपली मोटार दिली. वडिलांच्या वहाणांची ओली काळी माती तिच्या गालिच्यात रुतली. संध्याकाळी मोटार परत करायची होती, आणि साहेबांनी वडिलांना नावं ठेवलेली मला सोसली नसती.

भवानी पेठेतल्या दुकानात मी सगळ्यात कडक, तारांचा ब्रश निवडला. पायरीवर सांगोल्याकडची एक म्हातारी घोंगड्या विकायला बसली होती. बोलताना ती वर बघतच नव्हती. घोंगडीतली कुसळं वेचत होती.

"मास्तर, कशापायी ह्यो ब्रश?"

मी मास्तर नव्हे, हे तिला दोनदा सांगितलं. मग मोटारीतल्या गालिच्याचं सांगितलं.

"लोकरीचा हाय का काथ्याचा?"

"विलायती आहे," मी चिडून म्हणालो.

"मग विलायतेत मेंढ्या न्हाईत व्हय? आन् मेंढीला कुणी तारंनं घासतंय?"

दुकानदार हसला. आता तर हट्टानं तोच ब्रश घेऊन मी निघालो. "चिखूल वाळू द्या, झटका, मग गार पान्यात रिठं घाला," ती मागून सांगतच होती.

घरी येऊन गालिच्याचा ओला कोपरा नाकाशी धरला. ज्या घोंगडीवर बसून मी बी.ए. झालो, तिचाच वास.

ब्रश मोरीत टाकला आणि रिठे आणायला त्याच दुकानाची पायरी चढलो.

"या, मास्तर," वर न बघताच ती म्हणाली.